शिशुमार वर्ग (पाणबुडी)

शिशुमार वर्ग हा भारतीय नौदलाच्या डिझेल-विद्युत पाणबुड्यांचा वर्ग आहे. तो जर्मन 'टाइप २०९' आराखड्यावर आधारित असून त्याचा करार १९८१ मध्ये झाला. शिशुमार व शंकुश या पाणबुड्या जर्मनीतील कील येथे बांधण्यात आल्या व १९८६ मध्ये नौदलात दाखल झाल्या. शल्की (१९९२) व शंकुल (१९९४) यांची बांधणी मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये झाली. शल्की ही भारतात बांधलेली पहिली पाणबुडी होय. अपघातप्रसंगी संपूर्ण चालकदलास पृष्ठभागावर आणणारा गोलाकार सुटका-कक्ष हे या वर्गाचे वैशिष्ट्य आहे.

लाचखोरीच्या आरोपांनंतर आणखी दोन पाणबुड्यांची योजना बारगळली. परिणामी माझगावातील पाणबुडीबांधणी खंडित होऊन कमावलेले कौशल्य विखुरले. तेथे बांधलेली पुढील पाणबुडी, कलवरी, २०१७ मध्ये नौदलात दाखल झाली.