रॉक संगीतसभांतील श्रोतृवर्तन
रॉक संगीताच्या जाहीर कार्यक्रमांत श्रोतृसमुदायाकडून घडणारे सामूहिक वर्तन आणि हा समुदाय आपसांत पाळीत असलेले अलिखित शिष्टाचार, असा या विषयाचा दुहेरी आशय आहे. समाजशास्त्र, सामाजिक मानसशास्त्र, भौतिकी व सुरक्षा-अभियांत्रिकी या शास्त्रांतून त्याचा अभ्यास झालेला आहे. विद्युत् गिटार, ढोलवाद्यांचा ठाशीव ताल आणि प्रचंड ध्वनिवर्धन ही रॉक संगीताची प्रमुख लक्षणे होत. हे संगीत बहुधा उभ्याने, दाटीने आणि शरीराच्या हालचालींसह ऐकले जाते. त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्यास हा समुदाय बेबंद वाटतो व एखादी दुर्घटना घडल्यास तिचा दोष प्रथम श्रोत्यांच्या बेशिस्तीला दिला जातो. प्रत्यक्षात या समुदायाला स्वतःची शिस्त असते, आणि आजवरच्या मोठ्या दुर्घटनांचे मूळ बहुतांशी जागेच्या रचनेत व व्यवस्थापनाच्या उणिवांत आढळून आले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : यूरोपीय अभिजात संगीताच्या सभेत निःशब्दपणे बसून ऐकण्याचा प्रघात एकोणिसाव्या शतकात दृढ झाला. त्याआधी नाट्यगृहांत व संगीतगृहांत बोलणे, ये-जा करणे आणि मध्येच टाळ्या वाजविणे सर्रास चाले. रिखार्ट व्हाग्नर याने १८७६ मध्ये बायरॉइट येथील नाट्यगृहात प्रेक्षागार अंधारे ठेवून श्रोत्यांचे लक्ष केवळ रंगमंचाकडे वळविले. रॉक संगीताची पूर्वपीठिका मात्र या परंपरेत नसून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ऱ्हिदम अँड ब्लूज या नृत्यानुकूल संगीतात आहे. साहजिकच त्याच्या श्रोत्यांनी सभागृहापेक्षा नृत्यगृहाचे संकेत उचलले.

क्लीव्हलंड येथे २१ मार्च १९५२ रोजी झालेला ‘मूनडॉग कॉरोनेशन बॉल’ हा पहिला मोठा रॉक कार्यक्रम म्हणून उल्लेखिला जातो. सु. १०,००० क्षमतेच्या त्या सभागृहाशी सु. २०,००० लोक जमले, दारे मोडली आणि कार्यक्रम सुरू होताच बंद करावा लागला. रॉक अराउंड द क्लॉक (१९५६) हा चित्रपट ब्रिटनमध्ये लागला, तेव्हा काही चित्रपटगृहांत तरुणांनी खुर्च्यांची मोडतोड केली व काही गावांनी त्यावर बंदी घातली. न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर १५ ऑगस्ट १९६५ रोजी बीटल्सचे गायन ऐकण्यास सु. ५५,००० श्रोते जमले होते. परंतु त्यांच्या किंकाळ्यांपुढे त्या काळची ध्वनिवर्धक यंत्रणा निष्प्रभ ठरली. याउलट ऑगस्ट १९६९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील वुडस्टॉक महोत्सवात सु. ४ लाख तरुण पाऊस, चिखल आणि अन्नाची टंचाई सोसून तीन-चार दिवस प्रायः शांततेने राहिले. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये कॅलिफोर्नियातील ऑल्टमाँट येथे हिंसाचार झाला. एकाच पिढीच्या, एकाच अभिरुचीच्या श्रोत्यांकडून इतके भिन्न वर्तन का घडावे, हा प्रश्न अभ्यासकांपुढे उभा राहिला.

सैद्धांतिक विवेचन : फ्रेंच विचारवंत ग्यूस्ताव्ह ल बाँ (१८४१–१९३१) याने १८९५ मध्ये मांडलेल्या मतानुसार जमावात सामील होताच व्यक्ती आपला विवेक गमावते आणि भावना साथीच्या रोगासारख्या पसरतात. हे मत दीर्घकाळ प्रभावी राहिले व वृत्तपत्रांच्या भाषेत ते अद्याप डोकावते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट ब्लूमर (१९००–८७) याने जमावाचे आकस्मिक, संकेतबद्ध, अभिव्यक्तिपर आणि कृतिशील असे चार प्रकार केले. रॉक संगीतसभेतील श्रोते तिकीट काढून, ठरलेल्या वेळी येतात, म्हणून ते प्रारंभी संकेतबद्ध असतात; संगीत सुरू झाल्यावर ते अभिव्यक्तिपर होतात; कृतिशील म्हणजे एखाद्या लक्ष्यावर चालून जाणारे ते क्वचितच होतात. एलिआस कानेटी (१९०५–९४) याने क्राउड्स अँड पॉवर (मूळ जर्मन ग्रंथ, १९६०) मध्ये दाखविल्याप्रमाणे एरव्ही परक्याच्या स्पर्शाला भिणारा माणूस दाट जमावात त्या भीतीतून मुक्त होतो. रॉक संगीतसभेचे आकर्षण समजून घेण्यास हे निरीक्षण विशेष उपयुक्त आहे.

राल्फ टर्नर व ल्यूइस किलियन यांनी १९५७ मध्ये प्रसंगोद्‌भव प्रमाणकांचा सिद्धांत मांडला. त्यानुसार जमाव नियमशून्य नसतो. अनोळखी परिस्थितीत तो परस्परांकडे पाहून नवे नियम घडवितो आणि ते पाळतो. रॉक श्रोत्यांचे शिष्टाचार हे या सिद्धांताचे ठळक उदाहरण होय.

श्रोत्यांचे शिष्टाचार : इंग्लंडमध्ये १९७६ च्या सुमारास पंक रॉकबरोबर ‘पोगो’ हे जागच्या जागी उड्या मारण्याचे नृत्य रूढ झाले. पुढे अमेरिकेतील हार्डकोअर पंक व हेवी मेटल या प्रकारांत त्यातून ‘मॉशिंग’ निर्माण झाले. यात रंगमंचासमोर मोकळी केलेल्या जागेत (पिट) श्रोते परस्परांवर आदळतात. वर्तुळाकार धावणे (सर्कल पिट), रंगमंचावरून श्रोत्यांत उडी घेणे (स्टेज डायव्हिंग) आणि श्रोत्यांच्या उंचावलेल्या हातांवरून सरकत जाणे (क्राउड सर्फिंग) हे त्याचे इतर आविष्कार. अमेरिकन गायक इगी पॉप जून १९७० मध्ये सिनसिनॅटी येथील कार्यक्रमात श्रोत्यांच्या हातांवर उभा राहिला होता.

हे सर्व हाणामारीसारखे दिसत असले, तरी त्याला निश्चित मर्यादा आहेत. त्यांतील पहिला आणि अनुल्लंघनीय नियम म्हणजे पडलेल्यास तत्काळ उचलणे. कोणी पडताच जवळचे श्रोते हात पसरून कडे करतात आणि तो उभा राहीपर्यंत इतरांना थोपवितात. कोणाच्या बुटाची नाडी सुटली, तरी असेच कडे केले जाते. सापडलेला बूट वा चष्मा हात उंच करून धरावा म्हणजे मालकास तो दिसतो. कोपर व मूठ वापरू नये. ज्यांना आदळाआपट नको ते कडेला उभे राहतात, त्यांना आत ओढू नये. गुदमरलेल्यास डोक्यांवरून पुढे सरकवून कठड्यापलीकडील सुरक्षारक्षकांच्या हाती द्यावे. दाटीचा फायदा घेऊन स्त्रियांशी अतिप्रसंग करू नये, हेही याच संहितेचे नियम होत. नवागताला ते कोणी शिकवीत नाही. तो ते पाहून उचलतो.

शेवटचा नियम सर्वांत अधिक वेळा मोडला गेला आहे. म्हणूनच १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘बिकिनी किल’ या अमेरिकन वृंदाने स्त्रियांना पुढे येऊन उभे राहण्याचे व पुरुषांना मागे सरण्याचे आवाहन करण्याचा पायंडा पाडला. वॉशिंग्टनच्या ‘फ्यूगाझी’ या वृंदाचे कलावंत दांडगाई दिसताच गाणे थांबवीत आणि दोषी श्रोत्यास प्रवेशमूल्य परत करून बाहेर पाठवीत. शिष्टाचार राखण्यात कलावंताच्या शब्दाला केवढे वजन असते, हे यावरून दिसून येते.

आसनस्थ कार्यक्रमांचे संकेत निराळे असतात. समोरचे उभे राहिल्यास मागच्यांनाही उभे राहणे भाग पडते, हा तेथील नित्याचा वाद होय. मुख्य वृंदाआधी गाणाऱ्या अल्पपरिचित वृंदाची हुर्यो न उडविणे, संथ गीतात गप्पा न मारणे हेही अपेक्षित असते. कार्यक्रम संपल्यावर टाळ्या व घोष चालू ठेवून कलावंतास परत बोलाविण्याची प्रथा जवळजवळ विधीसारखी झाली आहे. मराठी संगीत रंगभूमीवरील ‘वन्समोअर’शी तिचे साम्य वरवरचे आहे, वन्समोअरला तेच पद पुन्हा गायिले जाते, तर येथे राखून ठेवलेली नवी गीते सादर होतात. गीताच्या वेळी पेटते लायटर उंच धरण्याची जागा एकविसाव्या शतकात मोबाइल फोनच्या प्रकाशाने घेतली. फोनने सतत चित्रीकरण केल्याने मागील श्रोत्यांची दृष्टी अडते, म्हणून काही कलावंतांनी त्यास मनाई केली. जॅक व्हाइट याच्या २०१८ मधील दौऱ्यात श्रोत्यांचे फोन कुलूपबंद पिशव्यांत ठेवविले जात.

कॉर्नेल विद्यापीठातील भौतिकीविज्ञांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात मॉशिंगच्या चित्रफितींचे विश्लेषण केले आहे. आदळणाऱ्या श्रोत्यांच्या वेगांची विभागणी वायूतील रेणूंच्या वेगांच्या विभागणीशी जुळते आणि सर्कल पिटमध्ये भोवऱ्यासारखी गती निर्माण होते, असे त्यांना आढळले. व्यक्तीच्या हेतूंचा विचार न करताही समूहाच्या गतीचे नियम सांगता येतात, हा त्याचा मथितार्थ.

दाटीची यांत्रिकी : गर्दीतील मृत्यू बहुधा तुडविले जाऊन होत नाहीत, ते गुदमरून होतात. अमेरिकन अभियंता जॉन फ्रूइन याने दाखविल्याप्रमाणे एका चौरस मीटरमध्ये सु. ७ व्यक्ती झाल्या, की जमाव द्रवासारखा वागू लागतो. त्यात दाबाच्या लाटा उठतात आणि व्यक्ती स्वतःच्या इच्छेविरुद्ध ३ मी. वा अधिक अंतर ढकलल्या जातात. छातीच्या पिंजऱ्याला फुगण्यास जागा न उरल्याने श्वसन थांबते. माणूस उभ्या उभ्याच मरण पावू शकतो. दाबाखाली पोलादी कठडेही वाकल्याचे आढळले आहे. तुलनेसाठी, क्रीडांगणांविषयीच्या ब्रिटिश मार्गदर्शिकेत उभ्या प्रेक्षकांची कमाल मर्यादा १० चौ. मी. मध्ये ४७ अशी आहे.

या अवस्थेत माहितीचा अभाव घातक ठरतो. पुढे काय घडत आहे हे मागच्यांना दिसत नाही. त्यांतील प्रत्येकजण थोडासाच रेटा देतो. पण हजारोंचा रेटा एकवटून पुढच्यांवर येतो. म्हणजेच कोणीही दुष्टपणा न करता माणसे मरू शकतात. अशा घटनांना इंग्रजी वृत्तपत्रे ‘स्टँपीड’ म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ बिथरलेल्या जनावरांची धाव असा आहे. मराठीतील ‘चेंगराचेंगरी’ हा शब्द वस्तुस्थितीला अधिक धरून आहे. कारण त्यात धावण्याचा नव्हे, तर दाबले जाण्याचा बोध होतो.

प्रमुख दुर्घटना : ऑल्टमाँट येथील कार्यक्रमाची (६ डिसेंबर १९६९) जागा जेमतेम एक-दोन दिवस आधी बदलण्यात आली. दुसऱ्या स्थळी टेकडीच्या माथ्यासाठी योजिलेला, सु. एक मीटर उंचीचा रंगमंच येथे उताराच्या पायथ्याशी उभारला गेला. रंगमंचाचे रक्षण ‘हेल्स एंजल्स’ या मोटारसायकलस्वारांच्या टोळीकडे होते. रोलिंग स्टोन्सचे गायन चालू असता मेरेडिथ हंटर हा अठरा वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण या टोळीतील एकाकडून भोसकला जाऊन मरण पावला. हंटरजवळ पिस्तूल असल्याने आरोपी स्वसंरक्षणाच्या कारणावरून निर्दोष ठरला.

सिनसिनॅटी येथे ३ डिसेंबर १९७९ रोजी ‘द हू’ या ब्रिटिश वृंदाच्या कार्यक्रमाआधी ११ श्रोते मरण पावले. बहुसंख्य तिकिटे अनारक्षित जागांची असल्याने जो आधी आत शिरेल त्याला पुढची जागा, अशी स्थिती होती. हजारो लोक थंडीत दारांशी ताटकळत असता मोजकीच दारे उघडण्यात आली. वृत्तपत्रांनी रॉक श्रोत्यांच्या रानटीपणावर टीका केली. परंतु समाजशास्त्रज्ञ नॉरिस जॉन्सन याने साक्षीदारांच्या जबान्या तपासून १९८७ मध्ये असा निष्कर्ष काढला, की तेथे निर्दय चढाओढ झाली नव्हती. उलट स्वतः संकटात असतानाही लोक अनोळखी माणसांना साहाय्य करीत होते. शहराने त्याच महिन्यात अनारक्षित आसनव्यवस्थेवर बंदी घातली. ती २००४ मध्ये उठविण्यात आली.

डेन्मार्कमधील रॉस्किल्ड महोत्सवात ३० जून २००० रोजी ‘पर्ल जॅम’च्या कार्यक्रमात पुढील श्रोते निसरड्या जमिनीवर पडले व ९ तरुण गुदमरून मरण पावले. पडलेल्यास उचलण्याचा नियम तेथे कोणी विसरले नव्हते. वाकण्याइतकीही जागा उरली नव्हती. शिष्टाचाराची मर्यादा या घटनेने स्पष्ट केली. अमेरिकेतील वेस्ट वॉरिक येथे २० फेब्रुवारी २००३ रोजी एका क्लबात रंगमंचावरील दारूकामामुळे भिंतीवरील ज्वलनशील फेसाळ आवरण पेटले आणि १०० जण मृत्युमुखी पडले. बहुतेकांनी आपण ज्या दाराने आलो त्याच दाराकडे धाव घेतली होती. ह्यूस्टन येथील ॲस्ट्रोवर्ल्ड महोत्सव (५ नोव्हेंबर २०२१) रॅप संगीताचा होता. परंतु तेथील १० मृत्यूंचे कारण तेच होते. संकट अधिकाऱ्यांच्या ध्यानी आल्यानंतरही गायन अर्ध्या तासाहून अधिक काळ चालू राहिले.

प्रतिबंधक उपाय : ब्रिटनमध्ये १९९३ साली पॉप संगीतसभांच्या सुरक्षिततेविषयी शासकीय मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. रंगमंचासमोरील जागेचे कठड्यांनी विभाग पाडून प्रत्येकाची क्षमता ठरविणे, श्रोत्यांचा दाब पेलणारे भक्कम कठडे बसविणे, प्रवेशद्वारे लवकर उघडणे, पाणी पुरविणे, बाहेर पडण्याचे मार्ग स्पष्ट दर्शविणे आणि रंगमंचावरून श्रोत्यांवर लक्ष ठेवणारा निरीक्षक नेमणे हे सर्वमान्य उपाय होत. कार्यक्रम तत्काळ थांबविण्याचा अधिकार कोणाचा, हे आधीच निश्चित असणे अत्यावश्यक मानले जाते.

भारतातील स्थिती : मुंबईत धोबी तलावानजीकचे ‘रंगभवन’ हे खुले नाट्यगृह १९८० नंतरच्या काळात ‘इंडिपेंडन्स रॉक’ या वार्षिक कार्यक्रमाचे केंद्र होते. महाविद्यालयीन तरुणांनी मॉशिंगचे संकेत प्रथम येथेच मोठ्या प्रमाणावर आत्मसात केले. रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्याभोवतीचा १०० मी. परिसर शांतता क्षेत्र मानणारे ध्वनिप्रदूषणविषयक नियम २००० मध्ये लागू झाले आणि त्यानंतर रंगभवनातील असे कार्यक्रम बंद पडले. ‘मेटॅलिका’ या वृंदाचा गुरगाव (आताचे गुरुग्राम) येथील २८ ऑक्टोबर २०११ चा कार्यक्रम पुढील कठडा मोडल्यामुळे होऊ शकला नाही व चिडलेल्या श्रोत्यांनी रंगमंचाची नासधूस केली. दोनच दिवसांनी बंगळुरू येथे त्याच वृंदाचा कार्यक्रम सुरळीत पार पडला. संगीत तेच, चाहतेही त्याच प्रकारचे. भेद होता तो व्यवस्थेचा. श्रोत्यांचे शिष्टाचार व्यवस्थेला पूरक ठरतात, तिची जागा घेऊ शकत नाहीत. म्हणून दुर्घटनेनंतरच्या चौकशीत श्रोते कसे वागले याइतकेच, किंबहुना त्याआधी, त्यांना किती जागा दिली होती हे तपासणे आवश्यक ठरते.