मान मोडलेल्या माणसाचा श्वास

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप उमरगा-लोहारा भागातील माणूस विसरलेला नाही. दगड-मातीच्या भिंती आणि माळवदे अंगावर कोसळली. जे वाचले त्यांपैकी काहींचे मणके मोडले होते. भूकंप रोज होत नाही. पण चिंचेच्या झाडावरून किंवा कडब्याच्या गंजीवरून पडणे, विहिरीत कोसळणे, ट्रॅक्टर उलटणे हे आपल्याकडे चालूच असते. हातपाय लुळे पडले की घरच्यांच्या लगेच ध्यानात येते. श्वास कमी पडतो आहे हे मात्र उशिरा कळते, आणि पुष्कळदा त्यानेच माणूस दगावतो.

असे का होते? छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूचा एक पडदा असतो. तो खाली गेला की हवा आत येते. त्याला हुकूम देणाऱ्या नसा मानेतील ३ ते ५ क्रमांकांच्या जागेतून निघतात. इजा त्याच्या वर असेल तर श्वास बंदच पडतो व यंत्र लावावे लागते. इजा खाली असेल तर श्वास चालतो, पण बरगड्यांचे आणि पोटाचे स्नायू निकामी झाल्याने खोकला काढता येत नाही. कफ साचतो आणि न्युमोनिया होतो. विहिरीवरची मोटार चांगली असून तार तुटावी, तसा हा प्रकार आहे.

आता औषधांचे. तुटलेली तार जोडणारे औषध आजवर निघालेले नाही. 'नसा जिवंत करणारी' महागडी इंजेक्शने कोणी सुचवली, तर जनावर विकण्याआधी सरकारी दवाखान्यात विचारावे. स्टिरॉइडचा मोठा डोस पहिल्या आठ तासांत देण्याची पद्धत १९९० नंतर बरीच पसरली होती. फायदा थोडा आणि जंतुसंसर्गाचा धोका जास्त असे दिसल्यावर २०१३ साली अमेरिकेतील मेंदू व मणक्याच्या शल्यतज्ज्ञांनी ती न वापरण्याचा सल्ला दिला.

उपयोगी औषधे साधी आहेत. मानेच्या इजेत श्वासनळ्या आवळणाऱ्या नसा शाबूत राहतात आणि सैल करणाऱ्या नसांचा संबंध तुटतो. म्हणून दम्याचे साल्ब्युटामॉल वाफेतून किंवा पंपाने दिल्यास अनेकांना मोकळे वाटते. इप्राट्रोपियमही नळ्या उघडते, पण त्याने कफ घट्ट होऊ शकतो, याकडे डॉक्टर लक्ष ठेवतात. चहाच्या पानांत अल्प प्रमाणात असणारे थिओफिलीन उंदरांना दिल्यावर लुळा पडलेला श्वासाचा पडदा पुन्हा हलू लागला, असे डेट्रॉइटच्या शास्त्रज्ञांना आढळले. माणसात तसा खात्रीचा गुण आलेला नाही. त्याचा डोस थोडा चुकला तरी उलट्या, झटके आणि हृदयाची गडबड होते. फवारणीचे प्रमाण आम्ही कृषी खात्याची माणसे घसा कोरडा करून सांगतो. इथे तर जिवंत माणूस आहे. झोपेच्या गोळ्या व अफूच्या जातीची वेदनाशामके श्वास मंदावतात. दुकानातून परस्पर आणून देऊ नयेत.

न्युमोनिया झाल्यास प्रतिजैविक लागते, पण कफ बाहेर पडला नाही तर तेही अपुरे पडते. म्हणून घरच्या माणसाने हात लावून खोकवणे शिकून घ्यावे: रोग्याने खोकताना बरगड्यांखाली, पोटावर दोन्ही हातांनी आत आणि वर दाब द्यायचा. फिजिओथेरपिस्ट समोर करून दाखवतो. नुसते वाचून करू नये. कूस बदलत राहावी, डॉक्टर सांगतील तितके पाणी द्यावे, फ्लू व न्युमोनियाच्या लसींबद्दल विचारावे. खाट चुलीच्या धुरापासून लांब हलवावी. अशा रोग्याला बसण्यापेक्षा सपाट निजून श्वास बरा घेता येतो. बसवताना पोटाला पट्टा बांधतात.

अपघाताच्या जागी मात्र घाई नको. पाणी पाजायला मान उचलू नये, बैठे करून मोटारसायकलवर नेऊ नये. १०८ ला फोन करावा, आणि तोवर एकाने डोके दोन्ही हातांनी सरळ धरून बसावे. हलवणे भागच असेल तर चौघांनी एकदम, लाकडाच्या ओंडक्यासारखे सरळ उचलून फळीवर घ्यावे. बोलताना शब्द तुटू लागले, ओठ निळसर दिसले किंवा रोगी गुंगीत जाऊ लागला, तर ते दवाखान्यात पोचताच पहिल्यांदा सांगावे.