सार्डिन रन: कोट्यवधी माशांची ही धाव पाहायला लोक थंडीत समुद्रात का उतरतात?

मे ते जुलै हे दक्षिण आफ्रिकेतले थंडीचे दिवस. याच काळात तिथल्या पूर्व किनाऱ्याजवळून कोट्यवधी सार्डिन मासे क्वाझुलू-नतालच्या दिशेने निघतात. एकेक झुंड 7 किलोमीटरपर्यंत लांब असू शकते. सार्डिन म्हणजे आपल्या तारलीची नातेवाईक, जात मात्र वेगळी. या धावेला म्हणतात 'सार्डिन रन'.

आणि माशांच्या मागोमाग येतात डॉल्फिन, शार्क, ब्रायडीज व्हेल, गॅनेट पक्षी. त्यांच्या मागे पर्यटक!

पाण्यात नेमकं काय दिसतं?

डॉल्फिन मोठ्या झुंडीतून थोडे मासे वेगळे काढतात आणि त्यांना खालून रेटत पृष्ठभागाकडे आणतात. घाबरलेले मासे एकमेकांना चिकटून गोळा करतात. हाच 'बेट बॉल', साधारण 10 ते 20 मीटर रुंद. वरून गॅनेट बाणासारखे सूर मारतात, बाजूने शार्क घुसतात. बहुतेकदा 10 मिनिटांत खेळ खल्लास. पाण्यात उरतात फक्त चमचमणारे खवले.

म्हणूनच इथे स्नॉर्केल अनेकदा स्कूबापेक्षा कामाचं ठरतं. सिलिंडर चढवेपर्यंत मासे पुढे गेलेले असतात. गोळा एका जागी टिकला, तरच स्कूबाला अर्थ. पोर्ट सेंट जॉन्ससारख्या ठिकाणांहून रबरी बोटी लाटा फोडत बाहेर पडतात आणि गॅनेट कुठे सूर मारतायत, हे शोधत तासन्‌तास फिरतात.

एक नियम मात्र पक्का: गोळ्याच्या आत शिरायचं नाही. जीव वाचवायला मासे तुमच्याच आडोशाला येतात आणि त्यांच्यामागे शार्क. तारकर्लीला एकदा हौसेने मारलेली बुडी इथे पुरत नाही. स्कूबासाठी प्रमाणपत्र आणि खुल्या समुद्राचा सराव हवा.

पण मासे इथे येतातच का?

खरी गंमत, खरं तर शोकांतिका, इथे आहे. या किनाऱ्याला समांतर उष्ण अगुल्हास प्रवाह वाहतो. थंडीत किनारा आणि प्रवाह यांच्यामध्ये गार पाण्याची अरुंद पट्टी तयार होते. सार्डिन तिच्यातून पुढे सरकतात.

2021 मध्ये 'सायन्स ॲडव्हान्सेस'मध्ये आलेल्या संशोधनात या माशांची जनुकं तपासली गेली. धावणारे मासे प्रामुख्याने अटलांटिकच्या बाजूचे, म्हणजे थंड पाण्याला सरावलेले निघाले. खोलातून वर येणारं गार पाणी त्यांना या बाजूला ओढून आणतं. पुढे पाणी तापतं आणि ते नको त्या ठिकाणी अडकतात. संशोधकांनी याला सरळ 'सापळा' म्हटलंय. या धावेतून माशांना फायदा होतो, असं त्यांना आढळलं नाही. फायदा शिकाऱ्यांचा, आणि क्वाझुलू-नतालच्या किनाऱ्यावर जाळी, बादल्या घेऊन उभ्या असलेल्या माणसांचा. एकूण सार्डिनपैकी छोटासाच हिस्सा या धावेत असतो, म्हणून जात टिकून आहे.

जायचं असेल तर?

इन्स्टाग्रामवरचे व्हिडिओ पाहून दोन दिवसांचा बेत आखू नका. पाणी पुरेसं गार झालं नाही तर धाव फसते. किमान पाच-सहा दिवस हाताशी ठेवा, जाड वेटसूट घ्या. बोट लागत असेल तर गोळीही. बुकिंगआधी एक प्रश्न विचाराच: एका गोळ्याभोवती किती लोक पाण्यात सोडता? उत्तर टाळलं, तर दुसरी बोट शोधा.