पिंपरी-चिंचवड–चाकण पट्ट्यातील वैद्यकीय वस्तुजाल

वैद्यकीय वस्तुजाल म्हणजे रुग्णाच्या शरीराचे, औषधसाठ्याचे अथवा रुग्णवाहिकेसारख्या साधनाचे मोजमाप करून ते डॉक्टरपर्यंत, नियंत्रण कक्षापर्यंत किंवा संगणकीय नोंदीपर्यंत आपोआप पोहोचवणाऱ्या उपकरणांची व्यवस्था होय. ‘इंटरनेट ऑफ थिंग्ज’ ही संज्ञा ब्रिटिश तंत्रज्ञ केव्हिन अ‍ॅश्टन यांनी १९९९ मध्ये रूढ केली. ‘वस्तुजाल’ हा तिचा मराठी पर्याय आहे. पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यात अशा उपकरणांचा वापर तीन ठिकाणी विशेष महत्त्वाचा ठरतो : आपत्कालीन रुग्णवाहिका, हृदयविकाराचे निदान आणि वैद्यकीय प्राणवायूचा पुरवठा. यांपैकी काही उपकरणे याच पट्ट्यात तयार होतात व काहींची मानके पुण्यातील संस्थेतून निघतात.

पार्श्वभूमी

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा प्रतिजैविके बनवणारा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि परिसराच्या औद्योगिकीकरणास सुरुवात झाली. पुढे टेल्को (आजची टाटा मोटर्स), बजाज ऑटो यांसारखे वाहन उद्योग व त्यांना सुटे भाग पुरवणारे असंख्य लघुउद्योग येथे आले. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी पिंपरी-चिंचवड महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या १७,२७,६९२ होती. महानगरपालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय (बोलीभाषेत ‘वायसीएम’) १९८९ पासून संत तुकारामनगर येथे कार्यरत असून ते या भागातील सर्वांत मोठे सार्वजनिक रुग्णालय आहे.

चाकण हे गाव खेड तालुक्यात, महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर, पुणे-नाशिक महामार्गावर आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या तेथील वसाहतीत फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ, महिंद्रा, बजाज आदी कंपन्यांचे कारखाने आहेत. हद्दीचा हा फरक कागदोपत्री वाटतो तेवढा किरकोळ नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये सार्वजनिक रुग्णालये महानगरपालिका चालवते, तर चाकणचे ग्रामीण रुग्णालय राज्याच्या आरोग्य यंत्रणेकडे येते. प्रेस यंत्रात बोटे सापडलेला कामगार किंवा छातीत कळ आलेला पाळीवरचा पर्यवेक्षक यास विशेष उपचारांसाठी बहुधा या हद्दी ओलांडूनच जावे लागते. मधला रस्ता वाहतूक कोंडीसाठी कुप्रसिद्ध आहे. रुग्णाची माहिती रुग्णाच्या आधी पुढे पोहोचणे येथे महत्त्वाचे ठरते ते यामुळेच.

कार्यपद्धती

अशा कोणत्याही व्यवस्थेत साधारणपणे चार टप्पे असतात. संवेदक (सेन्सर) मोजमाप घेतो. ते ब्लूटूथ, वाय-फाय किंवा उपकरणातील सिमकार्डामार्फत पुढे जाते. सर्व्हरवर ते साठवले व ठरावीक मर्यादेशी ताडून पाहिले जाते, आणि मर्यादा ओलांडल्यास एखाद्या माणसाला इशारा मिळतो. शेवटचा टप्पा सर्वांत दुबळा असतो. मर्यादा फार कडक ठेवल्यास इशारे इतके वाजतात की परिचारिकांचे त्यांच्याकडे दुर्लक्ष होऊ लागते. या स्थितीस ‘इशाऱ्यांचा थकवा’ म्हणतात. मर्यादा सैल ठेवल्यास खरा धोका निसटतो.

बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर हे कोविड-१९ साथीत घरोघरी परिचित झालेले उदाहरण. जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात त्याचे तत्त्व मांडले. प्राणवायूयुक्त व प्राणवायूविरहित हिमोग्लोबिन लाल आणि अवरक्त प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. साधारण ६६० व ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचे दोन प्रकाश बोटातून आरपार सोडून, नाडीच्या ठोक्याबरोबर बदलणाऱ्या भागाचे गुणोत्तर काढले की रक्तातील प्राणवायूचे प्रमाण कळते. बोट थंड असणे, नखांवर रंग किंवा मेंदी असणे, हात हलणे यांमुळे आकडा चुकतो. गडद त्वचेच्या रुग्णांमध्ये हे उपकरण प्राणवायूचे प्रमाण काही वेळा प्रत्यक्षाहून जास्त दाखवते, असे अमेरिकेतील रुग्णांच्या अभ्यासातून डिसेंबर २०२० मध्ये पुढे आले. आकडा दूरवर पाठवण्याची सोय झाल्याने तो अधिक अचूक होत नाही. उलट रुग्णाचा चेहरा समोर नसलेल्या डॉक्टरपुढे केवळ तो आकडाच उरतो.

रुग्णवाहिका : १०८ सेवा

महाराष्ट्र आपत्कालीन वैद्यकीय सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. १०८ या क्रमांकावर केलेला दूरध्वनी पुण्यात औंध येथील उरो रुग्णालयाच्या आवारातील प्रतिसाद केंद्रात येतो. सेवा चालवण्याचे काम चिंचवड येथे मुख्यालय असलेल्या बीव्हीजी इंडिया या कंपनीस सार्वजनिक-खाजगी भागीदारीतून देण्यात आले. प्रारंभीच्या ताफ्यात ९३७ रुग्णवाहिका होत्या; त्यांपैकी २३३ प्रगत जीवनरक्षक व ७०४ प्राथमिक जीवनरक्षक प्रकारच्या होत्या. प्रत्येक गाडीत डॉक्टर असणे हे या सेवेचे वैशिष्ट्य आहे. २०१७ मध्ये मुंबईत याच सेवेखाली दुचाकी रुग्णवाहिकाही सुरू झाल्या.

रुग्णवाहिकेत बसवलेल्या उपग्रहीय स्थाननिश्चिती उपकरणामुळे केंद्रातील कर्मचाऱ्यास प्रत्येक गाडी कोठे आहे हे नकाशावर दिसते व सर्वांत जवळची मोकळी गाडी पाठवता येते. ‘जवळची’ या शब्दाचा अर्थ मात्र अंतरावर नव्हे, वेळेवर ठरवावा लागतो. पाळी सुटण्याच्या वेळी चाकणच्या चौकात अडकलेली चार किलोमीटरवरील गाडी ही दहा किलोमीटरवरील गाडीपेक्षा दूर असू शकते. त्यामुळे स्थानाच्या माहितीस वाहतुकीच्या ताज्या माहितीची जोड नसेल, तर नकाशावरील ठिपका दिशाभूल करतो.

या क्षेत्रातील तांत्रिक मानकांचा पुण्याशी थेट संबंध आहे. वाहन उद्योगाची ‘एआयएस’ मानके पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय) ही संस्था प्रसिद्ध करते; तिचे एक चाचणी केंद्र चाकण येथे आहे. ‘एआयएस-१२५’ या मानकाने रस्त्यावरील रुग्णवाहिकांचे चार प्रकार ठरवले. ‘अ’ हा प्रथम प्रतिसादाचा, ‘ब’ साध्या रुग्णवहनाचा, ‘क’ प्राथमिक जीवनरक्षक आणि ‘ड’ प्रगत जीवनरक्षक. त्याआधी मालवाहू गाडीला लाल दिवा व स्ट्रेचर लावून तिला रुग्णवाहिका म्हणण्यास आडकाठी अशी नव्हतीच. ‘एआयएस-१४०’ हे मानक सार्वजनिक वाहनांतील स्थाननिश्चिती उपकरण व आपत्कालीन बटणासंबंधी आहे. त्यानुसार उपकरणात कायमस्वरूपी बसवलेले सिम आणि वाहनाचा वीजपुरवठा तुटला तरी काही तास चालणारी स्वतंत्र बॅटरी असावी लागते.

हृदयविकाराचे दूरनिदान

हृदयाची रक्तवाहिनी पूर्णपणे बंद झाल्यास विद्युत-हृदयालेखात (ईसीजी) ‘एसटी’ भाग वर उचललेला दिसतो. या प्रकारच्या झटक्यात स्नायूचा मृत्यू मिनिटागणिक वाढत जातो. वाहिनी फुग्याने उघडणे (अँजिओप्लास्टी) हा उत्तम उपचार समजला जातो, परंतु तो साधारण दोन तासांच्या आत होणे शक्य नसेल, तर गुठळी विरघळवणारे औषध जेथल्या तेथे देणे श्रेयस्कर ठरते. निर्णय असा घड्याळावर अवलंबून असल्याने आलेख प्रथम कोठे काढला जातो व कोण वाचतो, यास फार महत्त्व येते.

जोडलेल्या ईसीजी यंत्रात बारा बाजूंनी घेतलेला आलेख मोबाइल जाळ्यावरून दूरच्या केंद्रात जातो. तेथे संगणकाच्या साहाय्याने छाननी होऊन हृदयरोगतज्ज्ञ काही मिनिटांत अहवाल देतो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने २०२१ मध्ये ‘स्टेमी महाराष्ट्र’ हा प्रकल्प याच पद्धतीवर सुरू केला. त्यात लहान शासकीय रुग्णालये ‘आरे’ व अँजिओप्लास्टीची सोय असलेली मोठी रुग्णालये ‘तुंबा’ अशी चाकासारखी रचना असते. आलेख आधी पोहोचल्यास तुंब्याच्या ठिकाणी कॅथलॅब व कर्मचारी रुग्ण येण्यापूर्वीच सज्ज ठेवता येतात, आणि रुग्णास आधी अपघात विभागात, मग हृदयरोग विभागात फिरवण्याचा वेळ वाचतो.

फिलिप्स कंपनीच्या चाकण येथील वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात हृदयवाहिन्यांच्या तपासणीसाठी व उपचारांसाठी लागणारी क्ष-किरण यंत्रणा तयार होते. कॅथलॅबचे यंत्र याच वसाहतीत घडते, आणि वसाहतीतील कामगाराला ते वेळेत मिळणे अखेर महामार्गावरच्या कोंडीवर ठरते.

प्राणवायूचा पुरवठा

कोविड-१९ साथीत या पट्ट्याचे महत्त्व राज्यभर जाणवले. आयनॉक्स एअर प्रॉडक्ट्स, तैयो निप्पॉन सान्सो यांसारख्या कंपन्यांचे द्रवरूप प्राणवायू तयार करणारे प्रकल्प चाकण परिसरात आहेत. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये व नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर क्रीडांगणावर २०२० मध्ये तात्पुरती कोविड रुग्णालये उभारण्यात आली.

प्राणवायू उणे १८३ अंश सेल्सियसला द्रवरूप होतो. एक लिटर द्रवापासून सामान्य तापमानाला सुमारे ८६० लिटर वायू मिळतो. उच्च प्रवाहाच्या नळीवर मिनिटाला ६० लिटर शुद्ध प्राणवायू घेणारा एक रुग्ण दिवसाला ८६,४०० लिटर वायू, म्हणजे जवळपास शंभर लिटर द्रव वापरतो. असे रुग्ण एकाच दिवशी दहाने वाढले तर टाकी केव्हा रिती होईल, हे सकाळी एकदा काटा पाहून नोंदवहीत आकडा लिहिण्याच्या पद्धतीने सांगता येत नाही. टाकीवरील पातळी व दाब मोजणारे संवेदक दर काही मिनिटांनी नोंद पाठवतात. त्यावरून वापराचा वेग निघतो आणि टँकर केव्हा निघावा हे ठरवता येते. टंचाईच्या काळात टँकरच्या प्रवासावर लक्ष ठेवणेही आवश्यक झाले, म्हणून केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मे २०२१ मध्ये प्राणवायू वाहणाऱ्या टँकरना स्थाननिश्चिती उपकरण बसवणे सक्तीचे केले.

या यंत्रणेची मर्यादाही त्याच काळात दिसली. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून गळती झाल्याने पुरवठ्याचा दाब घसरला व वीसहून अधिक रुग्णांचा मृत्यू झाला. अशा वेळी दाब घसरल्याचे संवेदक क्षणात सांगू शकतो, पण रुग्णांपाशी हाताशी असलेले राखीव सिलिंडर, दुसरी वाहिनी आणि झडप बंद करू जाणणारा तंत्रज्ञ यांची जागा तो घेऊ शकत नाही.

लसींची शीतसाखळी

बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवाव्या लागतात. ‘ईविन’ या राष्ट्रीय प्रणालीत लसभांडारांच्या शीतपेट्यांना सिमकार्ड असलेले तापमाननोंदक लावलेले असतात. तापमान मर्यादेबाहेर गेल्यास संबंधित कर्मचाऱ्यास संदेश जातो. गोठण्याचा धोका उष्णतेइतकाच गंभीर आहे, कारण काही लसी गोठल्यावर निकामी होतात व डोळ्यांना ते कळतही नाही. कोविड लसीकरणाच्या ‘कोविन’ प्रणालीची उभारणी ईविनच्या अनुभवावर झाली.

कायदा, सुरक्षितता व कामगारांची माहिती

भारतात १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली असून निदान वा उपचारासाठीच्या संगणकप्रणालीचाही त्यात समावेश होतो. दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे २५ मार्च २०२० रोजी जाहीर झाली. जाळ्याला जोडलेले उपकरण बाहेरून बिघडवताही येते. २०१७ मध्ये अमेरिकेत सुमारे ४,६५,००० हृदयगतिकारकांच्या (पेसमेकर) प्रणालीत सुरक्षेच्या कारणास्तव सुधारणा करावी लागली, तर नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे संगणक खंडणीखोर प्रणालीच्या हल्ल्याने ठप्प झाले व रुग्णनोंदी काही काळ पुन्हा कागदावर आल्या.

औद्योगिक पट्ट्यात आणखी एक प्रश्न उभा राहतो. कामगाराच्या मनगटावरील पट्टा हृदयाचे ठोके, झोप व थकवा नोंदवू शकतो. भट्टीजवळ किंवा रात्रपाळीत काम करणाऱ्यास त्याचा खरोखर उपयोग आहे. तथापि तीच नोंद मालकाच्या हाती गेल्यास कंत्राट न वाढवण्याचे कारणही ठरू शकते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ यात माहिती घेण्यासाठी संमतीची अट आहे, परंतु ‘नोकरीच्या प्रयोजनार्थ’ काही वापरांना संमतीविना मुभा दिलेली आहे. आरोग्यविषयक मोजमाप या मुभेत कोठवर बसते, यावर कंत्राटी कामगाराची स्थिती अवलंबून राहील. नोकरीच बदलत राहणाऱ्या व परराज्यातून आलेल्या कामगाराची ‘संमती’ कितपत मुक्त असते, हा प्रश्न कायद्याच्या मजकुरात सुटत नाही.

महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार कर्मचारी राज्य विमा योजनेत येतात. या योजनेचे एक रुग्णालय चिंचवडच्या मोहननगर येथे आहे. २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल अभियानात प्रत्येकास १४ अंकी ‘आभा’ क्रमांक मिळतो. त्याद्वारे वेगवेगळ्या रुग्णालयांतील नोंदी रुग्णाच्या संमतीने एकमेकांना दाखवता येतात, आणि दिलेली संमती रुग्णास मागेही घेता येते.