आशा कार्यकर्ती
ग्रामीण भागात आरोग्यसंवर्धनाचे कार्य करणारी, त्याच गावातून निवडलेली प्रशिक्षित स्त्री. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात (२००५) सामान्यतः हजार लोकसंख्येमागे एक आशा असा निकष ठरला. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिमेकडील डोंगराळ आदिवासी भागासारख्या विखुरलेल्या वस्तीसाठी तो शिथिल करता येतो. मूळ योजनेत प्रारंभिक प्रशिक्षण २३ दिवसांचे होते. पुढे नवजात अर्भकाचे वजन व तापमान घेणे आणि धोक्याची लक्षणे ओळखणे शिकवितात; ही गृहाधारित पद्धत गडचिरोलीत अभय व राणी बंग यांनी विकसित केली. तथापि वजनकाटा वाचण्याहून मन वळविणे अवघड, आणि त्यास प्रशिक्षणात मिळणारा वेळ अपुराच म्हणावा लागेल. दूध ओढेनासे झालेले अर्भक भर पावसात डोंगरवाडीवरून दवाखान्यात न्यावे, हे वडीलधाऱ्यांस पटवून देताना महादेव कोळी वा ठाकर घरांच्या चालीरीतींची जाणच कामी येते.