98 टक्के हवा

एप्रिल-मे महिन्यांत छत्रपती संभाजीनगरात पारा चाळिशी ओलांडतो. याच शहरात वोक्हार्ट कंपनी इन्सुलिन बनवते, आणि इन्सुलिनला साठवणीत हवं असतं 2 ते 8 अंश तापमान. अशा औषधाची गाडी भर दुपारी रस्त्यात रखडली, तर आतल्या बाटल्यांना कोण सांभाळतं? जवळ बर्फाची पाकिटं आणि भोवती थर्माकोलची जेमतेम दीड-दोन इंचांची भिंत.

आता ही भिंत कशाची आहे ते बघा. तिच्यात 98 टक्के हवा आहे! उरलेले 2 टक्के पॉलिस्टायरीन, म्हणजे सीडीचा पारदर्शक, चटकन तडकणारा डबा ज्याचा असायचा तेच प्लास्टिक.

मग नुसती पोकळ भिंत का चालत नाही? हवा उष्णतेची वाहक म्हणून अगदी कुचकामी, हे खरं. पण मोकळी हवा स्वस्थ बसत नाही. तापली की वर चढते, निवली की खाली येते, आणि या येरझाऱ्यांत उष्णता पलीकडे पोचवते. थर्माकोलमध्ये ती डोळ्यांना न दिसणाऱ्या बंद कप्प्यांत कोंडलेली असते. हलायलाच जागा नाही!

पण हवा कोंडायची कशी? जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीतल्या फ्रिट्झ स्टास्टनी यांनी 1950 च्या सुमारास याचं उत्तर शोधलं. पॉलिस्टायरीनच्या मिलिमीटरभर मण्यांत पेंटेन मुरवायचं. हा द्रव 36 अंशांनाच उकळतो. मण्यांना वाफ दिली की प्लास्टिक मऊ पडतं आणि आतून पेंटेन रेटा देतं. नागपंचमीच्या ज्वारीच्या लाह्या आठवा; फरक इतकाच की लाही फुटते, मणी न फुटता फुगतो. किती? मूळ आकारमानाच्या चाळीसपट!

मग मण्यांना काही तास विसावा. निवताना आत पोकळी निर्माण होते आणि बाहेरची हवा हळूहळू भिंतींतून झिरपत आत शिरते. नंतर साच्यात भरून पुन्हा वाफ. आता फुगायला जागाच नसते, म्हणून मणी एकमेकांना दाबतात आणि चिकटतात. गोंदाचा थेंबही नाही. तुकडा मोडून पाहा, गोल मणी दाटीने चपटे झालेले दिसतील.

संभाजीनगरजवळच्या वाळूजला 1985 पासून बजाजच्या दुचाक्या तयार होतात. त्या चालवणाऱ्याच्या हेल्मेटचं टणक कवच भाव खाऊन जातं, पण डोकं वाचवण्यात मोठा वाटा असतो आतल्या थर्माकोलचा. आपटताना ते कप्पे चिरडले जातात आणि डोकं एका झटक्यात न थांबता काही मिलिसेकंद उशिरा थांबतं. चिरडलेला थर पुरता उसळून पूर्ववत होत नाही, आणि हाच त्याचा गुण! म्हणून जोराचा मार खाल्लेलं हेल्मेट वरून कितीही चकचकीत दिसलं, तरी बाद.

याहून अचाट प्रकार ओतकामातला. पाहिजे तो भाग थर्माकोलचा कोरायचा, वाळूत पुरायचा आणि थेट त्याच्यावर वितळलेला धातू ओतायचा. नमुना बाहेर काढायचाच नाही. तो जळून वायू होतो, वाळूतून निसटतो आणि त्याच्या जागी धातू बसतो. आणि हलकेपणासाठी नॉर्वेने तर 1972 मध्ये खचणाऱ्या रस्त्याखाली मातीच्या भरावाऐवजी थर्माकोलचे ठोकळे घातले!

अशी करामती वस्तू आपण वापरली ती पंगतीतल्या एकवेळच्या ताटांसाठी. महाराष्ट्राने मार्च 2018 मध्ये त्यांच्यावर बंदी घातली, ते योग्यच झालं. हा पदार्थ कुजत नाही, त्याचा भुगा होऊन तो नाल्यात जातो, आणि गोळा करून न्यावा तर ट्रक भरतो हवेनेच. म्हणून पुनर्वापर करणारे आधी तो दाबून किंवा वितळवून आटवतात. हवेच्या या हिशोबाची घरी खात्री करायची असेल, तर खिडक्या उघडून, विस्तवापासून दूर, काचेच्या वाटीत थोडं ॲसिटोन घ्या आणि थर्माकोलचे तुकडे टाकत जा. फसफसत एकेक तुकडा बसेल, कितीही टाकले तरी वाटी भरणार नाही. तळाशी चिकट गोळा उरेल, तेवढेच ते 2 टक्के.