गवताच्या ट्रॅक्टरने बर्फ लोटताना

मिशिगन, मिनेसोटा किंवा अपस्टेट न्यूयॉर्कमध्ये राहत असाल, तर फावडं मारून कंबर धरल्यावर हा विचार तुमच्याही मनात आला असेल: गराजमध्ये 20 अश्वशक्तीचा रायडिंग मोअर नुसता उभा आहे, त्यालाच पुढे बर्फ लोटायचं पातं लावलं तर? लावता येतं. पण आधी थोडा हिशोब करू.

20 अश्वशक्ती म्हणजे सुमारे 15 किलोवॉट. सेकंदाला एक मीटर वेगाने जाताना निम्मी शक्ती वाया गेली असं धरलं, तरी साडेसातशे किलो वजनाइतका रेटा मिळायला हवा. पण तो जमिनीपर्यंत पोचतो मागच्या दोन चाकांमधूनच. तुमच्यासकट त्या चाकांवर 200 किलो भार आहे असं समजा. दाबल्या गेलेल्या बर्फावर रबराचा घर्षणांक साधारण 0.2. म्हणजे रेटा मिळतो फक्त 40 किलोंचा! त्यापुढे चाकं जागच्या जागी फिरतात. प्रश्न इंजिनाचा नाही, पकडीचा आहे.

आता जोडणी. गवत कापायचा डेक काढून त्याजागी पात्याची चौकट बसवतात. ती तुमच्या मॉडेलसाठीचीच घ्या. धक्का ट्रॅक्टरच्या मुख्य सांगाड्याने झेलायला हवा, पुढच्या नाजूक आसाने नाही.

इथे तरफेचा नियम आडवा येतो. 45 किलोचं पातं पुढच्या आसाच्या 60 सेंटिमीटर पुढे आहे आणि दोन आसांत 120 सेंटिमीटर अंतर आहे असं धरा. पातं उचललं की मागच्या चाकांवरचा 22 किलो भार कमी होतो. मागे जास्त ओझं झालं की बैलगाडी उलार होते ना, तसंच हे, फक्त उलट्या दिशेने. उपायही तोच: तेवढंच वजन मागच्या आसाच्या 60 सेंटिमीटर मागे बांधा. चाकांवर 67 किलोंची भर पडते. सोबत साखळ्या लावून घर्षणांक 0.35 झाला, तर पातं खाली असताना रेटा 93 किलोंवर जातो, म्हणजे दुपटीहून जास्त.

तरीही 15 मीटरच्या ड्राइव्ह-वेवर 20 सेंटिमीटर बर्फ असेल, तर 1.2 मीटर रुंद पात्यापुढे एका फेरीत 3.6 घनमीटर बर्फ येतो. भुसभुशीत असेल तर साधारण 360 किलो, ओला असेल तर हजाराच्याही वर. म्हणून पातं तिरकं ठेवा, म्हणजे बर्फ बाजूला पडत जाईल. आणि सगळा पडून जाण्याची वाट न पाहता मध्येच एक फेरी मारा.

वेग घेऊन गोठलेल्या ढिगावर धडक मात्र देऊ नका. 350 किलोंचा ट्रॅक्टर सेकंदाला 2 मीटर वेगावरून 5 सेंटिमीटरमध्ये थांबला, तर सरासरी 1400 किलो वजनाइतका धक्का बसतो. पात्यामागची स्प्रिंग यासाठीच असते: अडथळा लागला की पातं पुढे झुकतं आणि धक्का सौम्य होतो. फरशीची वर आलेली कड चुकून लागली, तर ती वाचवेल. मुद्दाम मारलेल्या धडकांसाठी ती नाही.

शेवटची गोष्ट गिअरबॉक्सची. पकड कमी असते तेव्हा चाकं घसरतात आणि गिअरबॉक्स वाचतो. साखळ्या आणि वजन लावल्यावर ही सुटका राहत नाही, सगळा ताण त्याच्यावर येतो. हलक्या मोअरचा गिअरबॉक्स अशा कामासाठी बनवलेला नसतो. म्हणून पातं विकत घेण्याआधी मॅन्युअलमध्ये त्याला परवानगी आहे का ते पाहा. आणि तुमचा ड्राइव्ह-वे रस्त्याकडे चांगलाच उतरता असेल, तर हा बेत सोडून द्या: बर्फावर जी चाकं ढकलू शकत नाहीत, ती थांबवूही शकत नाहीत.